डावखुऱ्या ओदिंगची गिटार

ओदिंग, पत्र लिहायला बसले आहे, कारण फोनवर तू "हो तेह, बरं तेह" एवढंच बोलतोस आणि ठेवून देतोस. पंधरा वर्षांनी मोठ्या बहिणीशी, आपल्या तेहशी, असंच बोलायचं असतं, हे तुला अबाहनी शिकवलं. बाप म्हणून माणूस प्रेमळ, पण अख्ख्या उजुंगबेरुंगमधल्या लग्नांचा भात त्यांनी शिजवलेला आणि पंगतीत शब्द त्यांचा. कुणा वाढप्यानं डाव्या हातानं ठेवलेलं ताट त्यांनी एकदा पाहुण्यापुढून उचलून परत नेलं होतं. अशा घरात तू डावखुरा जन्मलास! जेवताना तुझा डावा हात ते आपल्या लुंगीच्या टोकाला बांधून ठेवायचे. हसत हसत, एक चापटसुद्धा न मारता. मारलं असतं तर तू बंड तरी केलं असतंस.

तू उजवा झालास. लिहिणं, जेवणं, देणं-घेणं, गिरणीत मागावर धागा सांधणंसुद्धा. डावेपणा उरला तो फक्त गल्लीच्या टोकाच्या त्या भाड्याच्या स्टुडिओत. पत्र्याची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि पाळी संपली की तुम्ही बँडमधले चौघं काळ्या बनियनमध्ये तिथे हजर. तिथली गिटार तू उलटी धरायचास. पण तुमच्या त्या हेवी मेटलला जाड तारा तळव्यानं दाबून ठोकाव्या लागतात, आणि उलट्या गिटारीत जाड तारा खाली जातात. ड्रमवाला यायान वैतागायचा, "ओदिंग कांग, दादा, तुझी गिटार ठोकत नाही, नुसती गुणगुणते!" तारा उलट्या लावून घ्याव्यात तर गिटार भाड्याची, पुढचं गिऱ्हाईक दारात उभं. कॅसेट काढायचं तुमचं ठरत आलं होतं, आणि गिटार तुझ्या हाताची नसेल तर त्या कॅसेटवर तू नसशील, हे तुला यायानच्या आधी कळलं होतं.

म्हणून आपण बांडुंगला कोह हाउच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. तुला घासाघीस जमत नाही, म्हणून मी. भिंतीवर साठेक गिटारी, पण डाव्या हाताची एकही नाही.

"डावखुरा?" कोह हाउ चष्म्यावरून बघत म्हणाला. "अरे बाबा, हात बदल, स्वस्त पडेल."

मग त्यानंच वरच्या खुंटीवरची ती काळी काढली. दोन शिंगं फुटल्यासारखी, उघड्या कात्रीसारखी. मला तर ती गिटार वाटेचना. तो म्हणाला, "ही दोन्हीकडून सारखी. उलटी केलीस तरी मांडीवर, खांद्यावर तशीच बसेल. तारा फिरवायच्या, आणि मानेच्या टोकाशी तारांच्या खाचांची ही जी पट्टी आहे ना, ती नवी कापून घ्यायची. बटणं वर येतील, कोपराला लागतील, तेवढं सोस."

दोन जाड तारा त्यानं तिथल्या तिथे फिरवून दिल्या. तू पट्टा गळ्यात घातलास आणि ठोकलंस. तुमचं संगीत मला कधी आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण तो आवाज गिरणीतल्या दोनशे मागांसारखा छातीत बसला. कोह हाउनं हातातला चहा खाली ठेवला.

आणि तू ती परत खुंटीवर लावलीस.

"अरे, काय झालं?"

"आमच्या बँडच्या मैदानावरच्या कार्यक्रमाला अबाह येणार म्हणालेत, तेह."

"मग येऊ देत की!"

"सगळ्या गावासमोर डाव्या हातानं?"

"त्यांना विचारून तर बघ."

"त्यात काय विचारायचं? माहीत आहे." मग म्हणालास, "तू कॉलेजात गेलीस. तुला त्यांच्यासमोर तोंड उघडता येतं."

बाजूची लाल, एका अंगाला खाच असलेली गिटार तू घेतलीस, उजव्या हाताची. महिनोन् महिने बोटं सोलेपर्यंत सराव केलास. कार्यक्रमाला अबाह इस्त्रीची लुंगी नि काळी टोपी घालून आले आणि पार मागे, फाटकाजवळच्या शेंगावाल्यापाशी उभे राहिले. तू चांगलं वाजवलंस. चूक एकही नाही. फक्त प्रत्येक ठोका केसभर उशिरा, विचारून आल्यासारखा. कॅसेटवर दुसऱ्याच पोराचं नाव आलं. यायाननं येऊन सांगितलं, तू त्याला कॉफी पाजलीस. उजव्या हातानं.

पुढे कितीतरी वर्षांनी, ईदच्या दिवशी, तुझ्या पोरीनं डाव्या हातानं भाताची वडी उचलली. मी अबाहकडे पाहिलं. म्हातारा खदाखदा हसला.

"ही ओदिंगवर गेली! काय रे, ती गिटार तू अजून वाजवतोस का डाव्या हातानं?"

"उजव्या हातानं वाजवायचो, अबाह," तू म्हणालास.

"उजव्या? चल! मी त्या शेंगावाल्याला सांगत होतो की, तो बघ माझा मुलगा, डावखुरा आहे, डाव्या हातानं वाजवतो!"

"तुम्हाला दिसलं नाही?"

"मोतीबिंदू होता रे तेव्हा. मला काय दिसतंय, एक काळा ठिपका. आवाज मात्र, बाप रे!" मग गंभीर होऊन म्हणाले, "पण उजव्यानं का? तो काय भात वाढायचा होता?"

तू हसलास आणि हात धुवायला म्हणून उठलास. ताटात तुझं सगळं तसंच होतं.

अबाह वारल्यावर तूच मला म्हणालास, "तेह, ती काळी अजून असेल का गं?" मी जाऊन पाहिलं. होती! शिंगवाली कोण घेणार? कोह हाउचा मुलगा म्हणाला, देतो तारा फिरवून, पण पट्टी प्लॅस्टिकची नको, चांगलं हाड असेल तर आणा. म्हणून बकरी ईदला मशिदीतून वाट्याला आलेलं म्हशीच्या नळीचं हाड मी रशातून काढून घेतलं, उकळलं, छपरावर वाळवलं. तू म्हणालास, "रविवारी दोघं जाऊ." त्याच आठवड्यात गिरणीला कुलूप लागलं आणि तू दूर बाताम बेटावर जहाजांच्या कारखान्यात गेलास. तिथे वेल्डिंग डाव्या हातानं करतोस म्हणे, आणि कुणी काही बोलत नाही.

हाड बिस्किटाच्या डब्यात आहे. दुकान रविवारी दुपारी बंद होतं. जायचं तर सकाळी निघावं लागेल.