बिराजदार बाईंचा ‘की’

गुरुवारी तिसऱ्या तासाला फोन आला. वर्गात फोन उचलायचा नाही हा माझा स्वतःचाच नियम. पण पडद्यावर अप्पांचं, म्हणजे बिराजदार बाईंच्या नवऱ्याचं, नाव होतं, आणि अप्पा शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाहीत. फळ्यावरचं वाक्य अर्धं ठेवून मी व्हरांड्यात आले. ते एवढंच म्हणाले, “सुवर्णा, गेल्या गं तुझ्या बाई.” पहाटे दुसरा झटका आला होता... मंगळवेढ्याहून सोलापूरची एसटी मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चारच दिवसांपूर्वीच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले नव्हते.

त्याला आता सहा आठवडे झाले.

बिराजदार बाई आम्हाला मंद्रूपच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सोलापुरातून रोज एसटीने यायच्या. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि शिकवायचं इंग्रजी. पण तिन्ही भाषांत त्यांचं लक्ष असायचं ते बारक्या शब्दांवर. मोठे शब्द कुणीही पाठ करतं, त्या म्हणायच्या, वाक्याला वाक्य कसं जोडता ते दाखवा. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते उन्हाळ्याच्या शेवटी परतायचे. नववीत बाईंनी घराबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली, तेव्हा मी पहिलंच वाक्य लिहिलं, ‘व्हेन माय फादर विल कम, वी विल ईट मटन.’

बाईंनी पहिल्या ‘विल’वर काट मारली. “वाक्यं दोन असली तरी विल एकच पुरतं गं दोघांना. भाकरीगत वाटून खायचं.” वर्ग हसला. मला कळेना. वडील तर अजून यायचे होते, मग ‘विल’ का नको? बाईंनी विचारलं, “घरी आई कसं म्हणते?”

“बाबा आलं की मटण करू, म्हणती.”

“आलं? आलाय का बाप?”

“न्हाय की.”

“मग ‘आलं’ कसं म्हणते?”

बाई खूश झाल्या होत्या. खडू खाली ठेवून म्हणाल्या, “इंग्रजीत ‘व्हेन ही कम्स’ म्हणतात. जो यायचाय, तो जणू आत्ता येतोय. तुझी आई त्याच्याही पुढं. ज्याची वाट बघायची त्याला ती आलेलाच धरते. व्याकरण शिकायला घरापासून सुरुवात कर.” त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की आमच्या घरात बोलतात ती भाषा म्हणजे शाळेत लपवायची गोष्ट. त्या दिवशी घरी जाऊन मी आईच्या तोंडाकडे बघत बसले. ती म्हणाली, “काय गं, दात पडलाय का माजा?”

बारावीनंतर कॉलेजला सोलापूरला पाठवायला वडील तयार नव्हते. बाई घरी आल्या, मेंढरांच्या वाड्याशेजारी घोंगडीवर बसल्या. वडील म्हणाले, “पोरगी हुशार हाय बाई, पण घरापासनं लांब कसं धाडायचं?” बाईंनी चहाची बशी खाली ठेवली. “तेवढा ‘पण’ काढा. ‘म्हणून’ घाला. हुशार आहे, म्हणून धाडायचं.” वडील हसले. “शब्दाचाच तर फरक हाय,” ते म्हणाले. “तेवढाच आहे,” बाई म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात वडील स्वतः मला कॉलेजात घेऊन गेले. आज मी मंगळवेढ्यात इंग्रजी शिकवते, ती त्या एका शब्दाच्या अदलाबदलीमुळे. हे मी बाईंना कधी नीट बोलून दाखवलं नाही. त्यांना माहीत असेल असं धरून चालले.

गेल्या वर्षी त्यांना पहिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. थोडं परत आलं, पण कसं... “पाणी. गोळी. अप्पा.” सुटे सुटे शब्द. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की नावं येतील हळूहळू, जोडणारे शब्द यायला वेळ लागेल, कदाचित येणारही नाहीत. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’... जन्मभर ज्यांच्यासाठी त्यांनी आमच्या वह्या लाल केल्या, नेमके तेच. मी दर रविवारी नवी पेठेच्या मागच्या त्यांच्या घरी जाऊ लागले. चौथीच्या मुलाला द्यावीत तशी वाक्यं त्यांच्यासमोर धरायचे. पाऊस आला... छत्री घेतली. मध्ये काय येईल, बाई? त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. त्यांना सगळं कळत होतं, ते फार वाईट होतं. एकदा खूप वेळ ओठ हलवून झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, “नापास.” आणि हसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

आठ महिने असे गेले. एकही जोडणारा शब्द आला नाही. मग तो रविवार. मला कसलंही काम नव्हतं. आठवडाभर पेपर तपासून कंटाळा आला होता, एवढंच. अप्पांना फोन करून सांगितलं, पुढच्या रविवारी नक्की येते. ते म्हणाले, “असू दे की, आराम कर.”

तेराव्यानंतर अप्पा आणि मी बाहेरच्या सोप्यात बसलो होतो. ते आपणहून सांगू लागले. “त्या रविवारी सकाळी लई छान बोलली बघ. ‘सुवर्णा आली की’ म्हणली. स्पष्ट. मी उठून दार उघडलं, तर कोण न्हाय. परत म्हणली, ‘सुवर्णा आली की...’ मी म्हटलं, अगं नाही आली, पुढच्या वेळी येणार हाय. रागावली माझ्यावर. भास होत असणार. पण मला बरं वाटतं गं. तिच्या लेखी तू आलीसच.”

मी मान हलवली. परतीच्या एसटीत, तिकीट काढताना, ते माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे ‘की’ दोन कामं करतो. “अगं, आली की!” म्हणजे आलीच, हे काय दारात. आणि “आली की जेवू”, तो वेगळा. तो दोन वाक्यांना जोडतो. बाई मी आले असं म्हणत नव्हत्या. त्यांचा जोडणारा शब्द आठ महिन्यांनी परत आला होता. त्या अर्ध्या वाक्यात उभ्या होत्या आणि उरलेलं अर्धं शोधत होत्या. ते ओळखू शकणारं माणूस त्या दिवशी घरात नव्हतं. ते मंगळवेढ्यात झोपून होतं.

अप्पांना सांगायचं नाही असंच मी ठरवलं होतं. त्यांना मिळालेला तेवढा दिलासा कशाला काढून घ्यायचा? पण मी लिहितेय ते पेपरात छापून येणार, आणि अप्पा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. म्हणून मागच्या रविवारी गेले आणि सांगितलं.

“म्हणजे वाट बघत होती,” अप्पा म्हणाले.

“व्हय.”

“आली की... आली की काय?”

“माहीत नाही, अप्पा.”

मग अप्पा एकदम म्हणाले, “तरीच.”

“काय?”

“फणी. त्या रविवारी सकाळपासनं मुठीत धरून बसली होती. टोचंल म्हणून मी घ्यायला गेलो, तर सोडंना. एकेक बोट सोडवून काढून घेतली मी...”

रविवारी मी बाईंचे केस विंचरून वेणी घालत असे. हे वर लिहिलं नाही, कारण त्यात लिहिण्याजोगं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. त्यांचा उजवा हात चालत नव्हता, अप्पांना वेणी जमत नव्हती, म्हणून. अप्पांनी फळीवरून फणी आणून माझ्या हातात ठेवली. लाकडी, एक दात तुटलेली. तिच्यात दोन-तीन लांब पांढरे केस अडकलेले होते. मी ते काढले नाहीत.