आज तो म्हणे, स्कार्फ बांध

सहा महिन्यांपासून आमचं जमलं होतं. त्याच्या गाडीवर बसली की म्हणायचा, "स्कार्फ काढ ना, लोकायले दिसू दे!"

आज राजापेठच्या रसवंतीवर मी त्याले सांगून टाकलं, माझा जन्म पोरगा म्हणून झाला होता.

पहिला प्रश्न काय विचारावा यानं? "कोणाकोणाले माहीत आहे?"

म्हटलं, अचलपूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीले. तिथल्या बाया मले संक्रांतीच्या हळदीकुंकवाले बोलावतात.

साहेब मंग गाडीले किक मारत म्हणे, "मले काही प्रॉब्लेम नाही. फक्त आजपासून स्कार्फ बांधून बसत जा."

असं डोकं सरकलं माझं! स्कार्फ पर्समधे कोंबला आन् उघड्या चेहऱ्यानं ऑटोत बसून घरी आली.

पोरीहो, ज्याले काही प्रॉब्लेम नाही, त्याले माझं तोंड झाकायची घाई काहून?