नाकातलं तेल

परळच्या एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात मी सिस्टर आहे. घरी निघालेल्या प्रत्येक आईला मी बजावते: बाळाच्या नाकात तेल सोडायचं नाही, औषध मापानेच द्यायचं, पाजल्यावर ढेकर काढायचा. आया माना डोलावतात. मी फाइलवर "समजावले" लिहून मोकळी.

म्हणून ते चार महिन्यांचं बाळ पंधरा दिवसांत पुन्हा न्यूमोनिया घेऊन आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. छाती भात्यासारखी चाललेली, ओठ निळे. ऑक्सिजन लावला. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाल्या, "नाकात तेल घालणं चालूच दिसतंय. फुप्फुसात उतरलंय."

मी आईला झापलं. "अगं, कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं ना? पालथ्या घड्यावर पाणी!"

ती रडायलाच लागली. "सिस्टर, आंघोळ सासूबाई घालतात. मी सांगितलं त्यांना. म्हणाल्या, आमची पोरं काय तेलाशिवाय वाढली?"

"आणि त्या कुठायत?"

"खाली. पास एकच मिळतो ना."

घ्या! एका पेशंटमागे एकच माणूस, हा नियम मीच दारात उभी राहून पाळते. दुसरं कोणी दिसलं की "चला, चला, खाली!" म्हणजे बाळाला न्हाऊमाखू घालणारीला हाकलायचं, आणि जिला घरात तोंड उघडायची सोय नाही तिला शिकवायचं. काय पण शहाणी मी!

बाळाचा ऑक्सिजन वर चढेना. मी दोनदा नळी तपासली, दोनदा पलंगाभोवती फिरले, मग डॉक्टरांना सांगून तरातरा जिना उतरले. भांडायच्याच तयारीने.

बाळाच्या आजी, लालबागच्या, खाली बाकावर पिशवी कवटाळून बसल्या होत्या. मी तेलाचं विचारलं तर लपवालपवी नाही. "सोडतंय तर. रोज, कोमट करून."

मी म्हटलं, "ते श्वासाबरोबर छातीत जातं आजी, आणि तिथेच साचतं. बाळाला त्यानेच दम लागलाय."

त्यांचा चेहरा उतरला. "सुनेन नको म्हणान सांगल्यान. कित्याक नको, ता नाय सांगल्यान."

कसं सांगणार? का नको, ते मीच तिला कधी सांगितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला, नुसती लाज उरली. पासबिस न बघता मी त्यांना वर घेऊन गेले.

पुढचे तीन दिवस माझं घरात लक्ष नव्हतं. भाजी फोडणीला टाकली की वॉर्डात फोन, ऑक्सिजनचा आकडा किती? चौथ्या दिवशी ऑक्सिजन निघाला. बाळ वाचलं.

घरी जायच्या दिवशी आजींनी मला खिडकीपाशी ओढलं. सून कपडे भरत होती, तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "सिस्टर, माझो थोरलो पाच म्हयन्यांचो व्हतो. असोच दम लागान गेलो. तेकाय मीच तेल सोडी व्हतंय."

"नाही हो आजी," मी घाईघाईने म्हटलं, "त्याचं काहीतरी वेगळंच असणार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही.

"तुका काय म्हायत?" म्हणाल्या, आणि बाळाला घ्यायला गेल्या.