थोरल्या लेकीचे हक्कसोडपत्र

उन्हाळी कांदा उपटला की देवळ्याच्या शिवारावर एक ओला, तिखट आणि शेवटी किंचित गोडसर असा गंध दिवसभर तरंगत राहतो. पात कापणाऱ्या बायकांच्या बोटांना तो असा चिकटतो की भाकरीलाही त्याचीच चव लागते. लहानपणी मी त्या बायकांच्या ओळीत जाऊन बसायचे आणि वडील मला दंडाला धरून उठवायचे, ट्रॅक्टरकडे पिटाळायचे. कारण तेव्हा मी त्यांचा थोरला मुलगा होते. आजही बाजारात तो वास आला की वाटते, आता कुणीतरी येऊन आपल्याला उठवणार.

आता मी नाशिकला शिकवण्या घेऊन राहते. आधार कार्डावरच्या ‘पुरुष’ या शब्दाच्या जागी ‘महिला’ यावे म्हणून मी किती उंबरे झिजवले! जिल्हाधिकारी कचेरीतला दाखला, शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दाखला, नावबदलाचे राजपत्र. एका खिडकीला पुरलेला कागद पुढच्या खिडकीला नेमका अपुरा. “सर लिहू का मॅडम, एकदाचं सांगा,” असे एक कारकून रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, आणि रांग हसली. अखेर कार्ड आले, त्या दिवशी मी ते पदराने पुसून पुन्हा पुन्हा पाहिले. पण आनंद एकटीने किती वेळ करायचा? मी घर सोडले तेव्हा वडील गावात सांगत सुटले होते, “मला दोनच लेकरं.” म्हणजे धाकटा भाऊ आणि सिन्नरला दिलेली सुनीता. भाऊ माझा उल्लेख ‘तो’ असा करी, तोही करावाच लागला तर.

वडील गेल्याचे मला तेरावे उरकल्यावर कळले. त्यानंतर काही महिन्यांनी भावाचा फोन आला. “ताई,” तो म्हणाला. ताई! जो शब्द ऐकण्यासाठी मी आयुष्य पणाला लावले, तो असा सहज, भाजी घेताना कानावर पडला. “कागद झालेत म्हणे तुझे. मंग एक दिवस ये देवळ्याला. सुनीता बी येतीय. बहिणी हक्क सोडतातच ना.”

आमच्याकडची रीतच आहे ती. कायदा लेकीला सारखा वाटा देतो. पण वाटा घेतला तर माहेर तुटते, असे बायकाच बायकांना शिकवतात. वडिलांमागे बहिणी भावाच्या नावे सही करतात आणि भाऊ त्यांना साडी घेतो. थोरला भाऊ म्हणून मी उभी राहिले असते, तर अर्धे रान मागितले असते आणि कुणी हूं की चूं केले नसते. माझे बाईपण घरात सर्वांत आधी कुणाला पटले असेल, तर ते त्या रानाच्या वाटणीला! हे मला कळत नव्हते असे समजू नका. सगळे कळत होते, तरी मी गेले.

निबंधकाच्या कचेरीत लेखनिकाने मसुदा वाचून दाखवला: मयताची थोरली मुलगी. कार्डाने मला महिला म्हटले होते. कुणाची तरी मुलगी मला प्रथमच कुणी म्हटले, आणि तेही सगळे सोडून देण्याच्या कागदावर. मी पेन खाली ठेवले. आई शेजारून पुटपुटली, “करी टाक माय सही. तुना भाऊ शे तो.” लेकीला म्हणतात तसे तिने मला माय म्हटले. मी सही केली. माझ्यामागून सुनीताने केली. भावाने दोघींना सारख्याच साड्या दिल्या.

मग दिवाळी आली. आमच्याकडे भाऊबीजेला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो. मी ती साडी नेसून सकाळपासून बसले होते. दुपार कलली तेव्हा मनाची समजूत घातली: गावात लोक बोलतील, त्याच्या सासुरवाडीची माणसे आली असतील, माझ्यासारखीला उघडपणे न्यायचे म्हणजे सोपे का आहे?

तेवढ्यात सुनीताचा फोन आला. “ताई, तुझ्याकडं आला का गं तो?” आपली फजिती हिच्यापासून कशी लपवावी, ते मला सुचेना. नाही, म्हणाले. “माझ्याकडं बी नाय आला,” ती म्हणाली. “दरसाल यायचा. आज फोन बी उचलत नाय.” आणि ती रडू लागली.

तिची समजूत काढता काढता मलाही हुंदका आवरेना. जन्मात पहिल्यांदा त्या घराने मला वेगळे काढले नव्हते.