पाना ठोकायला नसतो

पूर्णा गावातल्या आमच्या गोदामातले मिस्त्री फोर्कलिफ्ट दुरुस्त करतात आणि न विचारता आम्हालाही. "जी वस्तू ज्यासाठी घडली, त्यासाठीच वापरायची," हा त्यांचा धर्म. मी मालावर टेकलो की लगेच म्हणतात, "भाऊ, खोका बसायला हाय का?" जीभ खरं बोलायला घडली आहे, म्हणून माझ्या पोटाच्या घेराविषयीही ते खरंच बोलतात. आणि पान्याने कुणी खिळा ठोकला, तर दिवसभर अबोला.

ड्रायव्हर लोक आंघोळी करतात म्हणून मॅनेजरने ऐन मे महिन्यात पिण्याच्या नळाला कुलूप घातलं. दुपारी एका हमालाला भोवळ आली. मिस्त्री उठले, हातातल्या पान्याचे तीन घाव घालून त्यांनी कुलूप फोडलं आणि त्याला पाणी पाजलं.

मॅनेजर ओरडत आला. मिस्त्री शांत. "कुलूप चोरासाठी घडलंय. तहानलेल्यासाठी न्हाय."

मला राहवेना. "आणि मिस्त्री, पाना ठोकायला हाय का?"

पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेली. पाना फडक्याने पुसत म्हणाले, "तेवढं पाप झालं."

दुसऱ्या दिवशी नळाला नवं कुलूप होतं, आणि मिस्त्रींच्या पिशवीत हातोडा.