मडगार्डच्या पोटातला आवाज

तपासणी पथकाचा प्रमुख म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं पांढरा कोट, चष्मा अन् हातात मोठं यंत्र आलं असंन. कोट काढा. यंत्र बी ठेवा खाली. माह्या हातात एक नाणं होतं, अन् पथकात दोघं जण, मी अन् कामावरची मावशी. तिसरा खडू.

चिखलीच्या बाहेर मेहकर रोडले आमचं शेड होतं. महाराष्ट्र होऊन लय वर्षं झाली नव्हती, अन् आम्ही काचेच्या तंतूंची चटई साच्यात अंथरून, तिच्यावर राळ ओतून ट्रॅक्टरचे मडगार्ड बनवत होतो. लोकं पाहाले येत. "काचेचं मडगार्ड? फुटीन ना बे!" म्हणत अन् हसत जात. आम्ही खाजवत राहो. काचेची कुसळं अंगात शिरली की आठ दिवस दुसरा उद्योग नाही.

तपासणी अशी, की मडगार्डवर नाणं वाजवत जायचं. चटईच्या थरांनी एकमेकाले घट्ट धरलं असलं तं टण्ण. मधात हवा राह्यली असली तं भद्द. भद्द वाजलं तिथं मावशी खडूनं गोल काढे. गोलवाला माल अंगणात नेऊन करवतीनं कापायचा, म्हणजे कोणी चोरून पास करू नये. हा मालकाचा नियम.

आता माह्यात एक गुण हाय, शाळेतल्या मास्तरांनी त्याले अवगुण म्हटलं. मले कोणताही आवाज काढता येते. मालकाचा खोकला, एसटीचा गिअर, अन् ओठ न हलवता टण्ण अन् भद्द बी. मावशी म्हणे, "एवढ्याच भरवशावर तुले प्रमुख केलं मालकानं."

साच्यावरचे मिस्त्रीकाका माह्या बापाच्या वयाचे, आधी बैलगाड्या करणारे सुतार. नोकरीत अजून कच्चेच होते. मालकानं त्यायले सांगतलं होतं, "या खेपेचे दहाही पास झाले तं तुमी पक्के. एक बी कापा लागला तं गावाकडं जा." म्हणून काका दिवसभर रोलर दाबून दाबून हवा काढत. मी मागून जाऊन हळूच भद्द करो. ते दचकत, मंग हसत. "तोंड शिवून टाकीन तुह्यं!"

तपासणीच्या दिवशी मालक स्वतः येऊन उभे राह्यले. नऊ पास झाले. दहाव्याच्या शेवटच्या कोपऱ्यावर नाणं नेलं, काकांनी माह्याकडं पाह्यलं, अन् माह्या जिभेनं रोजचं काम करून टाकलं. भद्द.

मालकानं मावशीच्या हातातला खडू घेतला, गोल काढला. "कापा."

आता सांगतो, आता सांगतो, असं मी मनात म्हणून राह्यलो होतो. एवढे आवाज काढणारं तोंड, नेमकं तवा बंद. काका म्हणाले, "चुकलं असंन, मालक. त्या कोपऱ्यावर हात घाईचा पडला माह्या." अन् करवत बी स्वतःच घेतली.

दोन तुकडे झाले. मालकानं वाकून काप पाह्यला, नखानं खरवडला. थराले थर चिकटलेला, कुठं सुईएवढी जागा नाही.

"हवा कुठं हाय बे?"

"याच्या तोंडात," मावशी म्हणाली. "आत्ता ध्यानात आलं, नाणं टेकलंच नव्हतं, मालक."

मालक जे बोलले ते इथं लिहीत नाही, घरचे वाचतील. काका तिथल्या तिथं पक्के झाले. मी बी प्रमुख राह्यलो, कारण खरं भद्द ओळखणारा दुसरा कोणी नव्हता. मले वाटलं, सुटलो.

संध्याकाळी हौदावर हात धुताना काका जवळ आले.

"तू मस्करी केली, त्याचा मले राग नाही. लगेच 'चुकलो' म्हटला असता तं मी बी हसलो असतो. पण तू नुसता उभा राह्यला. अन् मी चार लोकांपुढं माह्याच हाताले खोटं पाडलं बे! पोरगा होतो तवापासून कामात असलेले हात हायेत हे. आता काय दात काढतो? बंद कर ते, अन् जाय, ते तुकडे उचल अंगणातले."