पाच वाजता बंद होणारं शहर

कॉलेज सुटल्यावर मी ऑफिसला पोचले, तेव्हा खानोलकर काकूंच्या तीन व्हॉइस नोट येऊन पडल्या होत्या. आम्ही इकडे झोपेत असतो तेव्हा अमेरिकेत संध्याकाळ असते. पहिली नोट मी फोन कानाला लावून ऐकली.

"अगं, इथे सगळं बंद आहे. आम्ही झूच्या गेटवर उभे आहोत. आत दिवा नाही, माणूस नाही. तू तर लिहिलंयस, संध्याकाळी प्राणिसंग्रहालय."

दुसऱ्या नोटमध्ये त्यांचा आवाज खाली आला होता. बहुतेक गाडीत बसून बोलत होत्या. "काल सायन्स म्युझियमचंही असंच झालं. मला वाटलं, कसली तरी सुट्टी असेल. आज रेवा म्हणाली, 'आजी, एव्हरीबडी नोज इट क्लोजेस ॲट फाइव्ह.'"

तिसरी नोट अगदी छोटी होती. "मी रागावले नाहीये हं तुझ्यावर. पण उद्या काय करायचं ते सांग."

त्या रागावल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी शारजातल्या एका लहान ट्रॅव्हल एजन्सीत पार्टटाइम काम करते. टुरिझम मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात पॅकिंग लाइनवर सुपरवायझर आहेत. विमानात मी बसले आहे ती फक्त मुंबईला जाण्यायेण्यासाठी. त्यामुळे अमेरिकेतल्या एका शहराची आयटिनररी बनवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी घाबरले होते. थोडी खूशही झाले होते. आयटिनररी म्हणजे कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे जायचं आणि तिथे किती वेळ थांबायचं, याचा तक्ता. तिकीट कोणीही काढून देतं. एजन्सीची खरी परीक्षा या तक्त्यात असते, असं आमचे जोसेफ सर म्हणतात.

खानोलकर काका-काकू शारजातच अल मजाजला, लगूनच्या म्हणजे खाडीच्या पाण्यासमोरच्या टॉवरमध्ये राहतात. काका खोर फक्कानच्या कंटेनर पोर्टवर नोकरीला होते. आता रिटायर झालेत. त्यांची मुलगी मनाली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका लहान शहरात हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. तिचा नवरा ट्रेनिंगसाठी दुसऱ्या राज्यात गेला होता आणि रेवाच्या शाळेला सुट्टी लागली होती. रेवा सात वर्षांची. म्हणून हे दोघं तिला सांभाळायला निघाले होते.

पण काकूंना नुसतं सांभाळायचं नव्हतं. बुकिंगच्या दिवशी त्या माझ्या टेबलावर वाकून हळूच म्हणाल्या होत्या, "हे बघ, रेवानं आम्हाला फोनवरच पाहिलंय. आली होती तेव्हा तीन वर्षांची होती, तिला काही आठवत नाही. मनाली म्हणते, ती तुमच्याकडे रमली, तर डिसेंबरच्या सुट्टीत शारजाला पाठवते. नाही रमली तर जबरदस्ती नको. म्हणजे सगळं या पंधरा दिवसांवर आहे. चांगल्या ॲक्टिव्हिटीज टाक. मनालीला आधीपासून काही सांगणार नाही, रोज नवं सरप्राइज."

मी काकांना विचारलं, "काका, तुम्हाला कशात इंटरेस्ट आहे?"

"मला?" काका हसले. "आयुष्यभर कंटेनर पाहिले मी. आता तू नेशील तिथे."

मी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. त्यांनी चेष्टा केली असं मला वाटलं.

मग मी आमच्या नेहमीच्या पद्धतीनं तक्ता केला. इथे उन्हाळ्यात दुपारी कोणी बाहेर पडत नाही. मॉल, मत्स्यालय अशा बंदिस्त जागा दिवसा आणि उघड्यावरचं सगळं सूर्य कलल्यावर, हा आमचा समर तक्ता. मुलं रात्री अकराला घसरगुंडीवर दिसतात आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. शिवाय मनाली साडेचारला सुटते आणि गाडी तीच चालवणार. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांनी गाडी सोडली आहे. त्यामुळे संध्याकाळ अगदी सोयीची. त्या शहरातल्या झूच्या वेबसाइटवर 'दहा ते पाच' लिहिलेलं मी वाचलं होतं. पण उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्यांच्याच वेळा पुढे सरकतात आणि वेबसाइटवर जुन्या वेळा तशाच राहतात. मला वाटलं, तिथेही तसंच असेल. जोसेफ सरांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "समर है, शाम को रखो. गुड." काकांनी पाहिला, काकूंनी पाहिला. आम्ही सगळे याच गावचे. कोणाला काही खटकलं नाही.

आता मी सरांसमोर फोन ठेवला आणि तिन्ही नोट ऐकवल्या. सर केरळचे. मला 'मोळे' म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत 'मुली'. चिडले की मात्र मॅडम म्हणतात.

"तो मॅडम," सर म्हणाले, "पूरा शहर पाँच बजे बंद?"

"हो सर. आता मी एकेक साइट उघडून पाहिली. झू, म्युझियम, ते जुनं फार्म, सगळं. सोमवारी तर उघडतच नाहीत."

"दिन में भेजो."

"दिवसा गाडी नाही सर. मनालीताई ड्यूटीवर असतात. त्यांनाही या वेळा माहीत नव्हत्या, रेवाला नेहमी तिचे बाबाच नेतात."

"टॅक्सी?"

"काकांनी ॲपवर पाहिलं. एक गाडी दिसत होती, तीही शेजारच्या गावात."

सर खुर्चीत मागे रेलले. गाडी असते तेव्हा शहर बंद आणि शहर उघडं असतं तेव्हा गाडी नाही. "क्लायंट को कुछ तो देना पड़ेगा," ते म्हणाले. "आज ही. यल्ला, जल्दी."

मी नकाशा उघडून बसले. पण नकाशात पुन्हा तिकिटाच्याच जागा शोधत होते. माझी कल्पना अशी होती की ॲक्टिव्हिटी म्हणजे जिथे गेट असतं आणि मनगटाला कागदी पट्टा बांधतात. आमच्या वर्गात तेच शिकवतात.

मग मला आमच्याच सुट्ट्या आठवल्या. पट्टा बांधायच्या जागी आम्ही क्वचितच गेलो. बाबा चटई घ्यायचे, आई थर्मासमध्ये चहा आणि डब्यात कांदेपोहे घ्यायची, आणि आम्ही लगूनच्या काठी बसायचो. कधी बाबांच्या मित्राच्या गाडीतून खोर फक्कानला जायचो आणि कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, बसून जहाजं बघायचो. तिथून कोणी आम्हाला 'आता निघा' म्हटल्याचं मला आठवत नाही. हे मी वर्गात कधी कोणाला सांगितलेलं नाही. वीकेंडला कुठे गेला होतात असं कोणी विचारलं, तर मी मॉलचं नाव सांगते.

मी नकाशावर मनालीच्या घराभोवती बोट फिरवायला लागले. पायी जाता येईल असं काय आहे? एक लायब्ररी, एक बाग. आणि बागेपलीकडे रेल्वे लाइन, तिच्या कडेला छोटं चौकोनी छप्पर. त्यावर लिहिलं होतं, ट्रेन व्ह्यूइंग प्लॅटफॉर्म. म्हणजे गाडीत बसायचा नाही, गाडी बघायचा प्लॅटफॉर्म.

या वेळी मी वेबसाइटवर विश्वास ठेवला नाही. आमचे पाच वाजले की तिकडे सकाळचे नऊ वाजतात. मी बरोबर तेव्हा त्यांच्या व्हिजिटर सेंटरला फोन लावला. फोनवरच्या बाई इतक्या सावकाश बोलत होत्या की मला वाटलं लाइनच खराब आहे.

"प्लॅटफॉर्म बंद किती वाजता होतो?" मी इंग्रजीत विचारलं.

"हनी," त्या म्हणाल्या, "त्याला दारच नाही. बंद काय करणार?"

वर पंखे आहेत, बाकं आहेत, त्या रस्त्याला फुटपाथ आहे, हेही मी विचारून घेतलं. गाड्यांचं टाइमटेबल मागितलं, तर त्या हसल्या. मालगाड्या आहेत, येतील तेव्हा येतील. सव्हाना बंदरातून येतात बऱ्याचशा. कंटेनरवर कंटेनर चढवलेल्या, लांबच लांब.

कंटेनर म्हटल्यावर मला काकांचं ते वाक्य आठवलं.

नवा तक्ता मी सरांपुढे ठेवला. सकाळी लायब्ररीतली गोष्टींची वेळ. दुपारी घर. संध्याकाळी चालत प्लॅटफॉर्म. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं: बसा आणि वाट बघा.

"ये क्या है?" सरांनी चष्मा वर केला. "बैठो और वेट करो? इसके लिए आदमी ट्रॅव्हल एजंट के पास आता है?"

"सर, काका पोर्टवर होते. सगळी नोकरी त्यांनी..." मी तक्त्यावर बोट ठेवलं. "त्यांना त्यातलं सगळं कळतं. रेवाला ते काहीतरी सांगू शकतील. झूमध्ये त्यांना काय सांगता येणार? तिथे तीच त्यांना सांगेल, हे काय, ते काय. तिला वाटतं यांना काहीच माहीत नाही."

"और बच्ची बोर हो गई तो?"

"तर माहीत नाही सर," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

सरांनी तक्ता पुन्हा वाचला. मग म्हणाले, "भेज दो, मोळे. इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी काहीच आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी काकूंची नोट आली, तीही उदास. संध्याकाळी वादळी पाऊस झाला, सगळे घरात बसले, रेवा टॅब्लेट घेऊन सोफ्यामागे. चौथ्या दिवशी मी वर्गात लेक्चर चालू असतानाच बाकाखाली फोन बघितला. नोट काकांची होती. काका कधी व्हॉइस नोट पाठवत नाहीत. मी मधल्या सुट्टीत जिन्यात उभं राहून ऐकली.

आधी नुसता खडखडाट. मग काकांचा आवाज, ओरडून बोलत होते. "ही बघ, आली! रेवा, डब्यावरची चार अक्षरं वाच! पहिली तीन मालकाची!"

मग एका मुलीचा आवाज, काहीतरी अक्षरं भराभर वाचणारा. काकांनी लगेच त्या शिपिंग कंपनीचं नाव सांगितलं. पुढचा डबा, पुन्हा अक्षरं, पुन्हा नाव. एकदा त्यांना नाव आठवलं नाही, तर ती मुलगी खदखदून हसली.

"आजोबा, डिड दॅट वन कम फ्रॉम युअर पोर्ट?"

"आला असेल," काका म्हणाले. "माझ्यासमोरून किती गेले असतील."

"डिड यू पुट इट ऑन द शिप?"

"एकट्यानं नाही गं. आमची क्रेन होती ना."

नोट तिथे संपली. मी ती आणखी एकदा ऐकली आणि लेक्चरला उशिरा गेले.

त्यानंतर ते जवळजवळ रोज गेले. मनाली ड्यूटीवरून थेट तिथेच यायला लागली. काकूंनी थर्मास आणि चकल्या न्यायला सुरुवात केली. तिथे रोज येणाऱ्या एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसानं चकली खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरी मागितली. काकूंना डास खूप चावले. झू राहूनच गेलं. शेवटच्या शनिवारी मनालीला सुट्टी होती. तिनं विचारलं, "झूला जायचं?" रेवा म्हणाली, "कॅन वी डू ट्रेन्स?"

परत आल्यावर काकू काकांना घेऊन ऑफिसात आल्या. सरांच्या टेबलावर पिकान नावाच्या तिकडच्या सुक्या मेव्याची पिशवी ठेवली. माझ्यासाठी वेगळी आणली होती.

"रडली निघताना," त्या म्हणाल्या. "मी नाही, रेवा. म्हणजे मीही." मग पर्समधून रेवाच्या पासपोर्टची झेरॉक्स काढली. "डिसेंबर. एकटीनं यायचं म्हणतेय."

एकट्या मुलासाठी एअरलाइनची सोय असते. त्याला अनअकंपनीड मायनर म्हणतात. आईनं तिकडे स्टाफच्या ताब्यात द्यायचं, इकडे आजी-आजोबांनी सही करून ताब्यात घ्यायचं. सरांनी ती झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. "मोळे, ये तुम करो. और इटिनररी भी. टाइमिंग चेक करके."

मी काकांना विचारलं, "रेवाला इथे काय बघायचंय?"

"वॉटर पार्क सांगितला, मोठा मॉल सांगितला," काका म्हणाले. "तिला फक्त खोर फक्कान. कंटेनर जहाजावर चढताना बघायचेत म्हणते. पोर्टच्या आत तर नेता येणार नाही."

"कॉर्निशवरून क्रेन दिसतात, काका."

"तुला गं कसं माहीत?"

"आम्ही जायचो," मी म्हणाले. "चटई घेऊन."

आता मी नव्या क्लायंटला 'काय बघायचंय' हे नंतर विचारते. आधी विचारते की गाडी कोण चालवणार आणि ते किती वाजता मोकळे होतात. मग ज्या जागा लिहायच्या, तिथे स्वतः फोन करते.

रेवाच्या तक्त्यात पहिल्या शुक्रवारी लिहिलं आहे: खोर फक्कान कॉर्निश, संध्याकाळी, बसा आणि वाट बघा. ती कॉर्निश बंद होत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही मी फोन करून विचारलं.